गंजाला गंडवा!

माहीत आहे का, मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडपासून सगळ्यात जवळचा समुद्र नकाशावर पट्टी ठेवून मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे?

“मग खाऱ्या पाण्यातल्या गंजाशी रोहिणखेडचा संबंध काय?” असं म्हणून पान उलटू नका. संबंध आहे, चांगला खारट आहे आणि तो तुमच्याच गाडीच्या डिकीतून घरी येतो!

होतं काय, नळगंगा धरणावर गळ टाकून बसणारा आपला हौशी गडी दिवाळीच्या सुट्टीत मालवण गाठतो. रॉड, रील, प्लायर, चाकू, सगळा फौजफाटा सोबत. खडकावर बसून फिशिंग, मग फोटो, मग स्टेटस, मग लाइक्स. परतताना डिकीत काजू, कोकम, सुकट आणि एक न मागितलेली भेट: मीठ. रीलच्या पोटात, प्लायरच्या सांध्यात, टॅकल बॉक्सच्या कोपऱ्यात दडून ते घाट चढतं, वऱ्हाडात उतरतं आणि निवांत कामाला लागतं. होळीला बॉक्स उघडावा तर आत सगळीकडे आधीच रंगपंचमी. रंग एकच, तपकिरी.

“पण आमच्याकडची हवा तर कोरडी ठणठणीत!” ऐका तर मग.

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते पठ्ठं साधारण ३३ टक्क्यांनाच ओलं होतं! रील वरून वाळलेलं दिसतं, आत खारट ओलावा तसाच. पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ पाझरतं, त्यातही याच मॅग्नेशियमचा हात.

म्हणजे खरा व्हिलन समुद्र नव्हेच. समुद्र तर मालवणलाच राहिला. व्हिलन आहे मागं उरलेलं मीठ. पुढचं सगळं वाचताना एवढं डोक्यात ठेवा, बाकी सगळी गंमत.

माहीत आहे का, ‘मीठ जास्त तर गंज जास्त’ हे अर्धंच खरं आहे? पाण्यात मीठ वाढवत न्या. लोखंड गंजण्याचा वेग आधी वाढतो, तीन ते साडेतीन टक्क्यांना कळस गाठतो आणि मग चक्क उतरायला लागतो. कारण फार खारट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि ऑक्सिजनशिवाय गंजाचं दुकान चालत नाही. आता सांगा, समुद्रात मीठ किती? किलोमागं सुमारे ३५ ग्रॅम. बरोब्बर साडेतीन टक्के! लोखंडाचं नशीबच खारट.

आणखी एक. समुद्रात उभ्या असलेल्या लोखंडी खांबाचा कोणता भाग सगळ्यात आधी सडतो? तळ? चूक. पाण्याखालचा? तोही चूक. लाटांचे शिंतोडे उडतात तो पट्टा! तिथं मीठ आहे, पाणी आहे आणि ऑक्सिजन तर फुकट. आता तुमचं रील दिवसभर कुठं असतं आठवा. शिंतोड्यांतच ना?

तामिळनाडूतल्या पांबनचा पूल हे सगळं शंभराहून जास्त वर्षं सोसत उभा राहिला. १९१४ साली तो सुरू झाला. शेजारी नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला, त्याला पॉलिसिलोक्झेनचा खास रंग आणि काँक्रीटच्या आत स्टेनलेस सळया. पलीकडंच मंडपमला कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संस्थेचं केंद्र आहे, तिथं धातूचे तुकडे खाऱ्या वाऱ्यात टांगून ते किती गंजतात ते मोजत बसतात. सरकारी पगारावर गंज बघायचा! काय नोकरी आहे, बॉस.

आपलं खारं पाणी, आपला जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याला ‘कोरडा’ म्हणाल तर लोणार रागावेल. उल्केच्या तडाख्यानं बसाल्टच्या खडकात पडलेलं हे विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे. तळाशी खारं सरोवर. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्याचा शेजारी. आणि साबणाचं नाव काही मी उगाच काढलं नाही. ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे ती साबण आणि काच बनवायला लागणाऱ्या मालासाठी! इथले क्षार सुकले की त्यांना पापडी, भुस्की अशी नावं होती आणि ते विकले जात.

गळ घेऊन लोणारला मात्र जाऊ नका. एक तर ते अभयारण्य आहे. दुसरं, त्या पाण्यात मासा राहतोय कशाला?

जून २०२० आठवतोय? लॉकडाऊनमध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि सगळ्या देशाचे कॅमेरे बुलढाण्याकडं वळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तेव्हा चोर सापडले: मिठात मजेत जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव.

आता खुर्चीला घट्ट धरा. ‘टायटॅनिक’ माहीत आहे ना? त्या बुडालेल्या जहाजावर गंजाचे लोंबते झुंबर तयार झालेत. त्या गंजात राहणारा एक जीवाणू २०१० साली नव्यानं ओळखला गेला आणि त्याचं नावच ठेवलं गेलं हॅलोमोनास टायटॅनिकी. याच हॅलोमोनास कुळातले जीवाणू आघारकरच्या संशोधकांनी आपल्या लोणारमधूनही वेगळे काढले आहेत! टायटॅनिकवर राहणाऱ्याचे चुलतभाऊ बुलढाण्याचे रहिवासी. जॅक आणि रोझला हे कळलं असतं तर?

क्षारयुक्त पाण्याची एक जादूही आहे. पीएच चढा असला की लोखंडावर एक अतिपातळ कवच बसतं आणि गंज थबकतो. काँक्रीटमधली सळई टिकते ती याच कारणानं, तिथं पीएच बारा-तेरा असतो. मिठातलं क्लोराइड आत झिरपलं की मात्र कवच फुटतं. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून आधी काँक्रीटला तडा, मग ढपला, मग सोसायटीची मीटिंग. लोणारच्या पाण्यात क्लोराइडही भरपूर आहे, तेव्हा तिथं खिळा टाकून पैज लावू नका.

जिल्ह्याच्या उत्तरेला दुसरं खारं पाणी: पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बुलढाणा, अकोला, अमरावती, तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांच्या भूजलात क्षार. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, बोअरमधला लोखंडी पाइप वर काढला तर तो कसा दिसतो. प्लास्टिकचे पाइप तिकडं काही फॅशन म्हणून गेले नाहीत.

म्हणून एक खास लोकल टिप, ही तुम्हाला परदेशी फिशिंगच्या व्हिडिओत मिळणार नाही: कोकणातून आणलेलं रील खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं धुऊ नका! मीठ धुवायला मीठ? पावसाचं साठवलेलं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या. दोन तांबे पुरतात.

खिळाच नाही तर गंज कसला?

गंजावरचा सगळ्यात जालीम उपाय कोणता? लोखंडच वापरू नका!

हसू नका, आपल्या पूर्वजांनी हेच केलं. हिंदी महासागरात शतकानुशतकं फिरलेली कित्येक जहाजं एकही खिळा न ठोकता, फळ्यांना भोकं पाडून काथ्यानं शिवलेली असायची. शिवलेली! सुई-दोऱ्यानं गोधडी शिवावी तशी. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही.

आणि हे फक्त पुस्तकात उरलेलं नाही. अजिंठ्याच्या लेण्यातल्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. चित्रच ते, ना नकाशा ना मापं. त्यावरून आपल्या नौदलानं खरं शिवलेलं जहाज बांधून घेतलं. गोव्यात, केरळच्या कारागिरांच्या हातून. आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या आराखड्याच्या चाचण्या झाल्या आणि २१ मे २०२५ ला कारवारमध्ये ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ नौदलात दाखल झालं. डिसेंबर २०२५ अखेर ते पोरबंदरहून मस्कतला निघालंसुद्धा.

आता नकाशा उघडा. अजिंठा आणि रोहिणखेड यांच्यात सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाहीत. समुद्रापासून इतक्या आत, आपल्या शेजारच्या डोंगरात, गंज न लागणाऱ्या जहाजाचं चित्र दीड हजार वर्षं वाट बघत होतं. रोहिणखेडकर, कॉलर ताठ करा!

इंग्रजांच्या नौदलाला मात्र हा धडा महागात पडला. १७६१ साली त्यांनी ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, किडा लागू नये म्हणून. ठोकले कशानं? लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी बघतात तर पत्रे सुटलेले, खिळ्यांचा भुगा. पण काही खिळे धडधाकट! गौडबंगाल काय? पत्र्यांबरोबर आलेला तपकिरी कागद काही ठिकाणी निघायचा राहून गेला होता. खिळा आणि तांबं यांच्यात तो कागद आला आणि खिळा वाचला.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले की चक्क बॅटरी तयार होते. गोड्या पाण्याच्या शंभरेक पट वीज समुद्राचं पाणी वाहून नेतं, मग काय, करंट चालू. दोघांतला नाजूक धातू झिजतो, दुसरा मजेत. तुमच्या टॅकल बॉक्समध्ये पितळेचं स्विव्हेल आणि लोखंडी गळ ओलेच एका कप्प्यात पडलेत का? मिनी ‘अलार्म’ सुरू आहे तिथं. कप्पे वेगळे करा. अडीचशे वर्षांपूर्वी नौदलाला जे कागदानं शिकवलं, ते तुम्ही प्लास्टिकच्या डबीनं करा.

पुढचा भाग तर कॉमेडीच. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही या बड्या शास्त्रज्ञानं डोकं लढवलं: तांबं झिजतंय ना, मग त्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो झिजेल, तांबं वाचेल. तांबं वाचलं! शंभर टक्के यश! पण तांबं झिजताना पाण्यात जे विष सोडायचं तेही थांबलं. मग शिंपले, शेवाळ, कालवं सगळे जहाजाच्या बुडाला येऊन बिऱ्हाड थाटून बसले आणि जहाजं रखडत चालू लागली. ऑपरेशन यशस्वी, पेशंट जड.

कल्पना मात्र सोन्याची होती. आज लोखंडी जहाजांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच हिशेबानं. ठोकळा स्वतः झिजतो, जहाज वाचतं, ठोकळा संपला की नवा.

माहीत आहे का, तुमच्या गोठ्यावरचं टिनसुद्धा असंच बलिदान देतंय? त्यावर मुलामा जस्ताचा. फ्रान्सच्या सोरेलनं १८३७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. पत्र्यावर ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड झाकलेलं राहतं. खऱ्याखुऱ्या टिनचं, म्हणजे कथिलाचं, उलटं! कथिलाचा मुलामा दिलेल्या गळाला धार लावताना एक चरा पडला की लोखंड जास्तच जोरात गंजतं, कारण इथं झिजायची पाळी लोखंडाची. म्हणून मुलाम्याचा गळ खाऱ्या पाण्यात एकदा घासलात की त्याच दिवशी वापरून टाका. जपून ठेवण्यासारखं त्यात काही उरत नाही.

स्टेनलेस म्हणजे डाग-लेस नव्हे

“आपलं सगळं स्टेनलेस आहे, टेन्शन नाही!” आहे टेन्शन.

शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या टिकाव्यात म्हणून पोलाद घडवता घडवता स्टेनलेसचा नमुना ओतला. त्याचं रहस्य क्रोमियम, निदान साडेदहा टक्के. हवा लागली की क्रोमियम डोळ्यांना न दिसणारी एक साय धरतं आणि ओरखडा पडला तर ती साय आपोआप भरूनही येते. पण अट एकच: ऑक्सिजन हवा. ओला चाकू चामड्याच्या म्यानात कोंबून ठेवलात तर हवा तुटते, मीठ राहतं आणि ‘न गंजणाऱ्या’ पात्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडायला लागतात. स्टेनलेसलाही श्वास घेऊ द्या की राव!

खरेदी करताना ३१६ हा आकडा शोधा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाशी जास्त नेटानं झुंजतं. ३०४ हा किचनचा हिरो, समुद्रावर मात्र साइड रोल. आणि स्टेनलेस कधीही लोखंडी तारेच्या घासणीनं घासू नका. घासणीचे बारीक कण पात्यात रुततात, ते गंजतात आणि बदनाम होतं स्टेनलेस.

खामगावकर म्हणतील, चांदीचा गळ करा! चांदीनगरीची हौस मोठी. चांदीला गंज लागत नाही हे खरं, पण हवेतल्या गंधकानं ती काळी पडते. शिवाय मासा गळ तोडून पळाला तर रडायला रुमाल पुरायचा नाही.

रोहिणखेडचं नाव इतिहासात आलं ते मासळीमुळे नव्हे, तलवारीमुळे. १४३७ साली खानदेशचा नसीरखान फारुकी आणि बहमनींचा सरदार मलिक-उत-तुज्जार इथं भिडले आणि बहमनी फौज जिंकली. जिंकणारा सरदार मूळचा बसऱ्याचा, म्हणजे बंदराच्या गावचा! तेलपाणी केलेली तलवार म्यानातून सर्रकन निघते, गंजलेली अडकते. त्या क्षणाचा अर्धा सेकंद म्हणजे काय, ते सांगायला नको.

विदर्भाला लोखंड नवं नाहीच. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. आणि दिल्लीचा तो सुप्रसिद्ध स्तंभ? सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड आणि सोळाशे वर्षांत किरकोळच गंजलेला. कानपूर आयआयटीच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी कोडं उलगडलं: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक पापुद्रा धरला. दिल्लीच्या कोरड्या हवेनंही साथ दिली. १९९७ मध्ये मात्र त्याला कुंपण घालावं लागलं. स्तंभाला पाठ टेकवून मिठी मारणाऱ्या पर्यटकांच्या हातांचा घाम! घामात काय असतं? मीठ. पुन्हा तेच.

गंज शाप की वरदान?

जगातल्या जुन्यात जुन्या गळांपैकी एक जपानच्या ओकिनावात गुहेत सापडला. वय सुमारे २३ हजार वर्षं, माल शिंपल्याचा. गंजाचा प्रश्नच मिटला! हडप्पाच्या लोकांचे गळ तांब्याचे होते.

आणि हा फॅक्ट मला स्वतःला फार आवडतो: गळ गंजणं चांगलंसुद्धा असतं. दोर तुटून मासा गळासकट निसटला तर साधा लोखंडी गळ हळूहळू गंजून गळून पडू शकतो. स्टेनलेसचा तसाच रुतून राहतो. त्यामुळे पकडून सोडून देणारे बरेच हौशी मासेमार मुद्दाम गंजणारा गळ वापरतात. मासा वाचला तर गंजाला एक लाइक द्या.

मुद्दाम गंजवण्याचा धंदाही जोरात चालतो. हिमालयात ट्रेकर्स हातमोज्यात जी गरम पुडी ठेवतात, तिच्यात लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळसा असतो. पुडी फोडली, हवा लागली, लोखंड भराभर गंजलं आणि उष्णता तयार! खाऊच्या पाकिटातल्या ‘खाऊ नका’ लिहिलेल्या काही पुड्यांतही लोखंडाची भुकटीच असते. ती गंजते आणि आतला ऑक्सिजन संपवते, म्हणून खाऊ ताजा. नवीन बुटांच्या खोक्यातली पुडी मात्र सिलिका जेलची. ती फेकू नका, टॅकल बॉक्समध्ये टाका. ओल शोषून घेईल.

मंगळ लाल का? तोही लोखंडाच्या ऑक्साइडनं माखलेला. पत्रिकेत मंगळ असो नसो, टॅकल बॉक्समध्ये नको!

आता हात ओले करा

रील धुणं ही कला आहे आणि बहुतेक जण ती उलटी करतात. आधी ड्रॅगची चकती घट्ट पिळा, म्हणजे पाणी आतल्या वॉशरांपर्यंत पोचत नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. नळाला अंगठा लावून पिचकारी मारलीत की संपलं: जोराची धार मीठ धुवत नाही, ते आत बेअरिंगमध्ये ढकलते. बादलीत बुडवून ठेवणंही नको. हँडल फिरवत सगळीकडून भिजवा, झटका, सुती फडक्यानं पुसा. ड्रॅग सैल सोडा, नाहीतर वॉशर दबून बसतात. सावलीत वाळवा. शेवटी लाइन रोलर, बेलचा सांधा, हँडलची मूठ, तिथं रील ऑइलचा एकेक थेंब. एकेक म्हणजे एकेक! तेलात भजी तळायची नाहीत.

हे सगळं त्याच संध्याकाळी, मालवणच्या खोलीतच उरका. रोहिणखेडला येऊन केलंत तर मिठाला प्रवासाचा अख्खा दिवस बोनस.

स्पूलवरची दोरी विसरू नका. विणलेली दोरी खारं पाणी पिऊन बसते आणि स्पूलला आतून खाते. आणि एक ओला ल्यूर बॉक्समध्ये परत टाकलात तर त्याचा गंज शेजारच्या वीस गळांना डाग देतो. वापरलेले ल्यूर वेगळ्या डबीत ठेवा, घरी धुऊन वाळवून मगच बॉक्समध्ये.

घरातलं तेल चालेल का? खोबरेल नको: २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं आणि बुलढाण्याच्या थंडीत रील जाम! शेंगतेल काही महिन्यांत चिकट होतं. जवसाचं तेल मात्र वेगळं, ते वाळून पक्का पापुद्रा धरतं, म्हणून तर ऑइलपेंटमध्ये असतं. कोयता, कुदळ, पहार यांना जवस मस्त. रीलच्या दातऱ्यांत मात्र चुकूनही नको, सगळं एकजीव होईल.

डब्ल्यूडी-४० चं नाव ऐकलंय? १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या छोट्याशा रॉकेट केमिकल कंपनीनं पाणी हुसकावणारं द्रव्य बनवायला घेतलं. चाळिसाव्या फॉर्म्युल्याला जमलं, म्हणून नावात ४०. पहिला वापर कशावर? ‘ॲटलस’ क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर, गंज लागू नये म्हणून. क्षेपणास्त्रावरून घसरत ते थेट आपल्या सायकलच्या चेनपर्यंत आलं. पाणी काढायला फर्स्टक्लास, पण टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. त्यानंतर ग्रीस किंवा तेल हवंच.

आणि गंज आलाच तर? शिवारातली बाभूळ आठवा. बाभळीची साल, हिरडा यांच्यात टॅनिन असतं. ते गंजाशी भिडलं की निळसर काळा थर तयार होतो आणि बऱ्यापैकी आवर घालतो. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, तीच ही करामत. कोकणातले कोळी सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवायचे, त्यातही टॅनिनच. समुद्रातून काढलेल्या जुन्या लोखंडी तोफांवर जतन करणारे तज्ज्ञ टॅनिनचा लेप देतात. त्याआधी अशा वस्तू महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात, कणाकणातलं मीठ बाहेर यावं म्हणून. अमेरिकेची ‘हनली’ पाणबुडी २००० साली वर काढली आणि पुढं ती अशाच अल्कली द्रावणात ठेवली. तोफेला वर्षं लागतात, तुमच्या प्लायरला दहा मिनिटं. घाई कुणाला झाली पाहिजे?

हलका गंज व्हिनेगरमध्ये किंवा चिंचेच्या कोळात तासभर बुडवून ब्रशनं घासला की निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, नाहीतर उरलेलं आम्ल नवा गंज घेऊन येईल. लगेच पुसा, लगेच तेल. अवजारांच्या पेटीत खडूचे चार तुकडे आणि कापराची वडी ठेवायची जुन्या सुतारांची सवयही झकास. पेटी उघडली की देवघराचा वास, फुकटात.

“एवढ्याशा गंजासाठी इतकी उठाठेव?” २०१६ मध्ये गंजतज्ज्ञांच्या ‘नेस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं हिशेब मांडला होता: जगाचं गंजामुळे होणारं नुकसान वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के. त्यात तुमचं रील धरलंय की नाही, माहीत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात आणि दुरुस्ती, रंगरंगोटी, तेलपाणी चालतं. परंपरेनं नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा मोकळा. तुम्हीही त्याच दिवसांत माळ्यावरचा टॅकल बॉक्स खाली काढा. रीलचं हँडल हातात धरून सावकाश फिरवा आणि कान द्या. करकर ऐकू आली तर आजच उघडा. नळगंगेचा रोहू थांबेल एक दिवस, मीठ थांबायचं नाही.